झोपेतला करार

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमोस मास्तरांनी दोन कामं धरली. एक घरामागची कोरडवाहू जमीन आणि दुसरं चर्चमधली रविवारची उपासना. पाळकसाहेब जामखेडहून महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, भाकर मोडायचे, प्याला द्यायचे आणि जेवून परत जायचे. बाकीचे रविवार मास्तरांचे. खर्ड्याच्या बाजूच्या दोन-तीन गावांतूनही माणसं त्यांच्या उपासनेला येत, कारण शास्त्रातली अवघड गोष्ट मास्तर शेताबांधावर आणून सांगत.

कराराची गोष्ट तर ते वर्षातून एकदा तरी सांगायचेच. जुन्या काळी करार करायचा तर जनावरं मधोमध चिरायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे मांडायची, आणि दोघांनी त्या मधल्या वाटेनं चालत जायचं. शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो, असा त्याचा अर्थ. पण देवानं म्हाताऱ्या अब्राहामाशी करार केला तेव्हा अब्राहामाला गाढ झोप लागली आणि त्या वाटेनं देव एकटाच गेला. ‘खरेदीखतावर दोघांच्या सह्या लागतात,’ मास्तर म्हणायचे, ‘इथं एकानंच दोघांची सही केली. करार मोडला माणसानं आणि भोगलं कुणी? ज्यानं सही केली त्यानं.’ एवढं बोलून ते थोडं थांबायचे. मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या.

मास्तरांची वस्ती जिथं संपते तिथंच रंगुबाईचं घर. मधे एक बोरीचं कुंपण, आणि त्यालाही येण्याजाण्यानं पडलेलं भगदाड. रंगुबाईचं उभं आयुष्य ऊसतोडीत गेलं. नवरा फडावरच वारला. गेली काही वर्षं मुलगा सूर्यभान आणि सून कारखान्यावर जात आणि ती घर, शेळ्या आणि दारापुढचा जोंधळा राखत मागे राहायची. साठीला आली होती, पण अजून दोन पेंढ्या एकदम डोक्यावर घ्यायची.

दोन्ही घरांचं नातं कुंपणापेक्षा जुनं. मास्तरांचा मुलगा स्टीफन जन्मला तेव्हा त्यांच्या पत्नी हन्नाबाई टायफॉईडनं अंथरुणाला खिळल्या होत्या, अंगावर दूध नव्हतं. रंगुबाईचा सूर्यभान तेव्हा अंगावर पीत होता. तिनं काही न बोलता स्टीफनला उचललं आणि सूर्यभानच्या जोडीला घेतलं. हन्नाबाई उठून बसेपर्यंत पोर तिच्याच मांडीवर वाढलं. त्याचं नाव मात्र तिच्या जिभेला कधी वळलं नाही. ती त्याला तिफन म्हणायची, पेरणीच्या तिफणीसारखं, आणि गावानंही पुढे तेच उचललं.

संक्रांतीच्या सुमाराला हन्नाबाईंच्या लक्षात आलं की रंगुबाईचा डावा हात वर जात नाही. विचारलं तर म्हणाली, झोपेत दबला असंल. हन्नाबाईंनी एक दिवस न्हाणीपाशी तिला अडवलं, पदर बाजूला करायला लावला, तर छातीत गाठ हाताला लागली. दुसऱ्याच दिवशी त्या तिला एसटीनं नगरला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि नीट समजावून सांगितलं. गाठ वाईट आहे, छाती काढावी लागेल, पण अजून फार पसरलेली दिसत नाही. आता केलं तर बाई जगेल. उशीर करू नका.

परतीच्या एसटीत रंगुबाई खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर म्हणाली, ‘मी काय जाणार न्हाई.’

आधी जोंधळा राखायचं कारण झालं. मास्तर म्हणाले, मी राखतो. मग शेळी व्यायला झालीय म्हणाली. हन्नाबाई शेळी आपल्या गोठ्यात घेऊन आल्या. मग सूर्यभान इथं नाही म्हणाली. सूर्यभानला फोन लावला तर तो म्हणाला की मुकादमाला सांगून मी निघतो, पण ती तयार तरी होऊ दे. मास्तर, तुमीच सांगा तिला, माझं ती ऐकत न्हाई. फोनवर त्याचा आवाज फुटत होता. असे दिवसावर दिवस गेले. रंगुबाई हसून खेळून होती, जेवत होती, शेजारणीच्या सुनेच्या डोहाळजेवणालाही जाऊन आली. मास्तरांना तिच्या या स्वस्थपणाचीच जास्त धास्ती वाटायला लागली. भ्यालेल्या माणसाला धीर देता येतो. ही भ्यालेली दिसत नव्हती.

शेवटी एका सकाळी ते एकटेच कुंपणातून पलीकडे गेले. रंगुबाई अंगणात तूर पाखडत होती. त्यांनी बसकर ओढलं आणि सरळच विचारलं की वहिनी, खरं कारण काय ते मला सांगा, सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

सूप थांबलं. बराच वेळ ती तुरीतले खडे निवडल्यासारखं करत राहिली.

‘तुमी शिकल्याली मानसं, तुमाला पटायचं न्हाई,’ ती म्हणाली. ‘तिफनचा अपघात झाल्ता तवा तुमी दोघं नगरलाच हुता. त्याला नळ्या लावल्याल्या, डाक्टरांनी आशा सोडल्याली. मी अनवाणी डोंगरावर गेल्ते. देवीला म्हनले, ह्याचं नगं नेऊ, माझं आयुष्य ने. दुसऱ्या दिशी त्यानं डोळं उघडलं.’

तिनं सूप खाली ठेवलं.

‘आता ती तिचं न्यायला आली. ज्या अंगानं त्याला पाजलं, त्याच अंगाला धरून आली. आजून काय सांगावा पायजे? मी शब्द देऊन बसले आन् आता दार लावून घिऊ व्हय? मी दार लावलं तर ती कुनाकडं जाईल?’

दोन वर्षांपूर्वी जामखेडच्या रस्त्यावर स्टीफनची मोटारसायकल अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती. मंडळीनं उपास धरला होता. तो वाचल्यावर मास्तरांनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली होती, की प्रार्थनेनं मुलगा परत मिळाला. त्या दिवशी जेवणाला रंगुबाईही होती. मांडवात भाकरी थापत होती. तिनं अवाक्षर काढलं नव्हतं.

मास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘वहिनी, देव असा सौदा करत नाही. एक जीव घेऊन दुसरा सोडत नाही.’

‘मग तुमच्या देवानं काय केलं?’ तिनं विचारलं. आवाजात वाद घालायची खुमखुमी नव्हती, खरोखर विचारत होती. ‘तुमीच सांगता की, एकानं समद्यांसाठी जीव दिला म्हनून.’

‘दिला. पण तो आपणहून आला होता. त्याच्याकडे कुणी जीव मागितला नव्हता.’

‘मग मीबी आपनहून गेले की. मला तरी कुनी मागितला हुता?’

मास्तरांनी बसकर बाजूला सारलं. ते उठले आणि घरी आले.

हन्नाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. मग म्हणाल्या, ‘मी त्याला जन्म दिला. त्या दिवसांत मी नुसतं वाचव, वाचव म्हणत होते. त्याच्याऐवजी मला ने, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.’

‘असं मोजायचं नसतं,’ मास्तर म्हणाले.

‘मोजत नाही. तुम्ही इतकी वर्षं जे सांगता ते त्या बाईनं केलं, एवढंच म्हणते. आणि तिला ते करू नको म्हणून कसं सांगायचं ते आपल्याला येत नाही.’

पुढचे काही दिवस मास्तर जोंधळ्याच्या बांधावर नुसतेच फिरत होते. हुरड्याला आलेल्या कणसांवर पाखरं बसायची, त्यांना हाकलायचंही भान नसायचं. एकदा वाटलं, रंगुबाईला म्हणावं की तुमची देवी खोटी, म्हणजे शब्दही खोटा. पण ते मनात येताच त्यांची त्यांनाच लाज वाटली. ज्या बाईनं स्वतःचा जीव पुढे केला तिला, तू तो चुकीच्या दारात पुढे केलास, असं सांगून काय साधणार होतं? शब्द तर खराच होता. आणि मग त्यांना आपलीच गोष्ट वेगळी दिसायला लागली. अब्राहाम झोपला होता. स्टीफनही बेशुद्ध होता. तो निपचित पडला असताना त्याच्या नावानं एक बाई एकटीच त्या वाटेनं चालून गेली होती. इतकी वर्षं मास्तर ती गोष्ट देवाच्या बाजूनं सांगत आले. झोपून उठलेल्या माणसानं काय करायचं, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

एका सोमवारी सकाळी ते डोंगराच्या पायऱ्या चढले.

गावात ही साधी गोष्ट नव्हती. मास्तर शाळेत असताना मुलांची सहल डोंगरावर जायची, तेव्हा ते पायथ्याच्या चिंचेखाली मुलांच्या चपला राखत बसायचे. कुणी त्यांना वर चला म्हणत नसे आणि त्यांनी कधी कुणाला जाऊ नका म्हटलं नव्हतं. त्या सकाळी पायथ्याच्या दुकानातल्या बाईनं त्यांना वर जाताना बघितलं आणि नारळ पुढे करावा की नाही हे न कळून हात मागे घेतला.

वर देवीचा गुरव भागवत पायऱ्या झाडत होता. मास्तरांच्या हाताखालून चौथी पास झालेला. त्यानं झाडू टाकला, देवळाबाहेरच्या ओट्यावर त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि प्रसाद पुढे न करता आत जाऊन चहा ठेवला. मास्तरांना ते समजलं आणि फार बरं वाटलं. चहा घेता घेता त्यांनी रंगुबाईचं सगळं सांगितलं आणि विचारलं की असा शब्द सोडवायची काही रीत तुमच्याकडे आहे का.

भागवतनं मान हलवली. ‘बोकड बोलल्यालं, चोळी-पातळ बोलल्यालं फेडून घेतो मी, मास्तर. जीव बोलल्यालं कुनी आजवर माझ्याकडं आनलं न्हाई. आई लेकराचा जीव मागत नसती, एवढं मला कळतं. मी येऊन सांगतो तिला. पर ती म्हनंल, गुरवाचं काय जातंय बोलायला.’ तो जरा थांबला. ‘तुमच्या पोराला ठावं हाय का हे?’

‘नाही.’

‘मग त्याला सांगा. ज्याला दिलं त्यानं घेतलं का न्हाई, ते तरी कळू द्या.’

मास्तर खाली उतरेपर्यंत बातमी त्यांच्या आधी वस्तीवर पोचली होती. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या वडील कारभाऱ्यांपैकी एकानं, डोंगरावर गेला होता का, असं विचारलं. मास्तर हो म्हणाले. कशाला, ते मात्र सांगितलं नाही. ते रंगुबाईचं गुपित होतं, चावडीवर मांडायचं नव्हतं. संध्याकाळी जामखेडहून नॅथन पाळकसाहेबांचा फोन आला. माणूस मृदू. म्हणाले की चर्चची कमिटी बसेपर्यंत उपासना दुसऱ्या कुणाला घेऊ द्या, मास्तर, मंडळीत बोलणं नको. मास्तर बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना जाणवलं की इतक्या वर्षांत रविवारी आपण काय बोलायचं याची काळजी नाही, असा हा पहिलाच आठवडा.

स्टीफन सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता. शनिवारी तो घरी आला तेव्हा मास्तरांनी त्याला शेतात नेऊन सांगितलं. हन्नाबाईंचा याला विरोध होता. पोराच्या मानेवर हे ओझं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणाले की ओझं त्याच्या मानेवर आहेच, फक्त त्याला माहीत नाही.

स्टीफननं शांतपणे ऐकून घेतलं. अपघातानंतर त्याचा उजवा पाय किंचित ओढत असे. त्या पायानं तो ढेकूळ फोडत राहिला. मग काही न बोलता वळला आणि कुंपणाकडे चालू लागला. मास्तर त्याच्यामागे निघाले. हन्नाबाई पदराला हात पुसत आल्या.

रंगुबाई ओट्यावर बसली होती. स्टीफनला बघून तिचा चेहरा उजळला. तो तिच्या पायापाशी खाली जमिनीवर बसला.

‘मावशी, तू मला विचारलं नाहीस.’

तिनं मास्तरांकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. ‘तू शुद्धीवर कुठं हुतास, बाबा?’

‘आता आहे. आणि मी घेत नाही. तुझं आयुष्य मला नको.’

रंगुबाईनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती भ्यालेली दिसली. ‘असं बोलू नगं. ती ऐकंल.’

त्यानं तिचा हात बाजूला केला, पण सोडला नाही. ‘ऐकू दे. तू मेलीस आणि मी जगलो तर मी रोज सकाळी उठून काय करू? प्रत्येक घासाला मला वाटेल, हा तुझा. दोन वर्षं मी मजेत जगलो, कारण मला माहीत नव्हतं. आता मला तसं जगता येणार नाही.’

‘आरं, मग तू कशावर जगतोयस?’ ती म्हणाली आणि रडायला लागली. ‘मी दिलं नसतं तर तू नसतास. मी परत घेतलं तर तू कशावर जगशील?’

स्टीफननं बापाकडे बघितलं.

मास्तर उभेच होते. त्यांनी कितीतरी उपदेश केले होते, पण समोर बसलेल्या एकाच माणसाचा जीव त्यावर टांगलेला आहे, असं कधी झालं नव्हतं. ते हळूहळू, शब्द शोधत बोलले.

‘वहिनी, मी तुम्हाला आमच्यात या असं म्हणत नाही. तुम्ही तुमच्या देवीच्या, आणि तशाच राहा. पण स्टीफन आमच्यातला आहे. त्याच्या नावानं एक करार आधीच झालाय. तो जन्मायच्या आधी, मी जन्मायच्या आधी. त्यात जीव देऊन झालेला आहे, एकदाच आणि पुरेसा. तुम्ही शब्द दिलात तेव्हा तुम्हाला ते माहीत नव्हतं. त्याच्यासाठी पुन्हा जीव मागायचा हक्क आता कुणालाच उरलेला नाही. तो त्यावर जगतोय. मीही त्यावरच जगतोय.’

‘मग मी दिल्यालं वाया गेलं?’

‘नाही.’ याचं उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक नव्हतं, ते त्या क्षणी आलं. ‘आमच्या देवानं जे केलं तेच तुम्ही केलंत. त्याला ते ओळखू येणार नाही, असं कसं होईल? तुमचा शब्द त्यानं हातात घेतला असेल आणि म्हटलं असेल की पोचला, आता बाई घरी जा.’

रंगुबाईनं पदरानं डोळे पुसले. शेळ्या ओरडत होत्या. मग तिनं मान वर केली.

‘तुमचा देव माझ्या देवीला सांगंल का तसं?’

मास्तरांना ठाऊक होतं की या प्रश्नाचं कमिटीला चालेल असं उत्तर कोणतं. ते उत्तर त्यांनी स्वतःच तरुणपणी कितीकांना दिलं होतं. रंगुबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा हात अजून स्टीफनच्या हातात होता.

‘सांगेल,’ मास्तर म्हणाले.

‘नक्की?’

‘नक्की सांगेल.’

रंगुबाई उठली, आत गेली आणि पिशवीत पातळ भरायला लागली.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. सूर्यभान कारखान्यावरून आला. तो आणि स्टीफन आळीपाळीनं दवाखान्याबाहेरच्या ओट्यावर झोपायचे. दोघांत बोलणं फारसं नसे, पण चहा एकाच कपात दोघं घ्यायचे. मास्तर एकदा भेटायला गेले तेव्हा रंगुबाई, जेवणात मीठ नसतं, अशी तक्रार करत होती आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तिफनची ओळख ‘ह्यो माझा दुसरा’ अशी करून देत होती.

कमिटी चर्चमध्येच बसली. मास्तरांनी आता सगळं सांगितलं. रंगुबाईनंच, सांगा की, लपवायचं काय त्यात, असं म्हटलं होतं. शेवटचा प्रश्न आणि त्याला दिलेलं उत्तर त्यांनी वगळलं नाही. एक वडील कारभारी म्हणाले की हे आपल्या धर्मशिक्षणाला धरून नाही, आपण मूर्ती मान्य केल्यासारखं होतं. मास्तर म्हणाले की असेल. ‘तिनं मला देवाबद्दल विचारलं. मी त्याच्या वतीनं शब्द दिला. मला तसा अधिकार नव्हता असं मंडळीला वाटत असेल तर मला बसवून ठेवा. पण तो शब्द मी मागे घेणार नाही. तो निभावणं आता त्याच्याकडे आहे.’

मग पाळकसाहेबांनी, बाईंची तब्येत आता कशी आहे, असं विचारलं, आणि मास्तर सांगायला लागले तसे कमिटीतले लोक एकेक करून ऐकायला पुढे सरकले. निर्णय मात्र त्या दिवशी झाला नाही. ईस्टरनंतर बघू, असं ठरलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला मास्तर पुढच्या खुर्चीवर नव्हते. ते पुरुषांच्या रांगेत सतरंजीवर बसले होते, सगळ्यांसारखा हात पुढे करून. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला. इतकी वर्षं ते ताट धरून पाळकसाहेबांच्या मागे चालायचे. लोकांच्या चेहऱ्यांकडे बघायचे, रांग नीट सरकतेय ना ते बघायचे. त्या दिवशी त्यांना काहीच बघायचं नव्हतं. त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला.

उपासनेनंतर ते घरी आले तेव्हा कुंपणापलीकडे रंगुबाई खाटेवर बसली होती. केमोची पहिली सुई झाली होती, केस गळायला लागले होते, डोक्याला सुनेचा रुमाल बांधलेला. डॉक्टरीणबाईंनी पुढचं काही ठाम सांगितलं नव्हतं. सुया पुऱ्या होऊ द्या, मग बघू, एवढंच म्हणाल्या होत्या. रंगुबाईनं मास्तरांना हाक मारली आणि चिडून सांगितलं की तुमी राखायचं कबूल करून माझा निम्मा जोंधळा पाखरांच्या पोटात घातलाय.

मास्तरांनी तो आरोप मान्य केला, कुंपणातून पलीकडे जाऊन चपला काढल्या आणि खाटेच्या पायथ्याशी बसून उरलेली कणसं कधी मोडायची ते तिला विचारू लागले.